वर्ध्याची सुई

वर्धा जिल्ह्याच्या वस्त्रव्यवहाराचा इतिहास लिहावयास बसलेल्या मनुष्याची दृष्टी प्रथम काळ्या जमिनीतील कपाशीवर, तेथून हिंगणघाट-पुलगावच्या गिरण्यांवर आणि अखेरीस मगनवाडी-सेवाग्रामच्या चरख्यावर जाऊन स्थिरावते, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण कपाशीचा महसूल सरकारी दप्तरात नमूद आहे, गिरण्यांचा जमाखर्च छापला गेला आहे, आणि चरख्याला तर एका महात्म्याचा हात लागलेला आहे. परंतु मागावरून उतरलेले ठाण आणि अंगावर चढलेले वस्त्र यांच्या दरम्यान कात्री व सुई यांचे जे एक लहानसे संस्थान आहे, आणि ज्याचा कारभार या मुलखात बहुतांशी घरच्या बायकांनीच चालविला, त्याचे दप्तर ठेवण्याची आवश्यकता कोणाला वाटलेली दिसत नाही.

मुळात या संस्थानाचा विस्तार फार मोठा नव्हता. धोतर, उपरणे, पागोटे, लुगडे ही सारी मागावरूनच पुरी होऊन येणारी वस्त्रे. शिवायचे ते काय, तर पुरुषाची बंडी किंवा अंगरखा, बाईची चोळी आणि तान्ह्या पोराचे अंगडे-टोपडे. रसेल आणि हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातिजमातींवरचा आपला चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध केला, त्यात शिंपी जातीविषयी लिहिताना, शिवलेल्या कपड्यांचा प्रघात या देशात पूर्वी किती मर्यादित होता याची चर्चा त्यांनी केली आहे. अंगरख्याला घेर, कळ्या आणि बंद असल्यामुळे तो शिंप्याकडे जाई. चोळी मात्र घरीच होई. एका खणात एक चोळी बसविणे हे गणित तोंडपाठ असलेल्या बाईला मापाच्या पट्टीची गरज नव्हती, कारण वीत आणि बोटे हीच तिची मापे होती, आणि फाटलेली जुनी चोळी उसवून तिचे तुकडे नव्या खणावर पसरले की तोच तिचा नकाशा होता. अंगासरशी बसणारे हे एवढेच वस्त्र तिच्या वाट्याला आले होते, आणि ते बेतण्याची विद्या आईकडून मुलीकडे कागदाचा स्पर्श न होता येत राहिली.

ही जुनी घडी पहिल्यांदा विसकटली ती सुईच्या नव्हे, कापडाच्या बाजूने. १८६२ साली नागपुरातून वेगळा काढलेला हा जिल्हा अमेरिकेतील यादवी युद्धामुळे आलेल्या कापसाच्या तेजीत सापडला. १८६७ साली नागपूरपर्यंत रेल्वे पोचली, आणि हिंगणघाटच्या ज्या कापसाला बाजारात स्वतःचे नाव होते तो गाठींनी मुंबईस जाऊ लागला. मध्यप्रांत व वऱ्हाडाचे कापूस कमिशनर रिव्हेट-कार्नॅक यांनी आपल्या अहवालात जी आशा व्यक्त केली आहे ती वाचताना आजही मन स्तब्ध होते: रेल्वेमुळे विलायती कापड देशी कापडापेक्षा स्वस्त पडेल, घरी कातला जाणारा कापूस निर्यातीस मोकळा होईल आणि कातणारे व विणणारे हात शेतमजुरीस मिळतील. कमिशनरसाहेबांची आशा बरीचशी फलद्रूप झाली. जे जाडेभरडे कापड महार आणि कोष्टी विणकरांच्या मागांवर तयार होई त्याची जागा मांजरपाटाने आणि लाँगक्लॉथने घेतली. पुढे नागपुरास १८७७ साली टाटांची एंप्रेस मिल निघाली आणि शतक संपण्यापूर्वी हिंगणघाट व पुलगाव येथेही गिरण्यांचे भोंगे वाजू लागले.

गिरणीचे कापड स्वस्त, मऊ आणि मोठ्या पन्ह्याचे असल्यामुळे ते कापताना हात थरथरत नाही. कात्रण वाया गेले तर गेले. या निष्काळजीपणातूनच कॉलरीचा सदरा, खिशाचा कोट आणि गोल काखेची बाही यांचा प्रसार झाला असे माझे मत आहे. त्याच सुमारास सिंगरचे यंत्र हिंदुस्थानात आले, शिंप्याच्या ओसरीवर बसले, आणि हाताच्या धावदोऱ्याला दिवसभर लागणारे काम घटकेत उरकू लागले. घरच्या सुईकडे मग चोळी, पोरांचे कपडे आणि ठिगळे एवढेच राहिले.

यानंतर जे घडले ते केवळ वर्ध्यासच घडू शकले असते. १९२१ साली विनोबा येथे आश्रम चालविण्यास आले. १९३४ साली वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि गांधीजी मगनवाडीत राहावयास आले. १९३६ साली ते शेगावी गेले, ज्याचे पुढे सेवाग्राम झाले. आणि १९३८च्या अखेरीस मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. जमनालाल बजाजांच्या औदार्यावर उभ्या राहिलेल्या या संस्थांतून कापडाचे मोल रुपये-आण्यांऐवजी सुताच्या तारांत मोजण्याची एक अपूर्व रीत प्रचारात आली. चार फुटांचा एक तार, एकशेसाठ तारांची लटी, चार लट्यांची म्हणजे ६४० तारांची गुंडी: हे कोष्टक आश्रमातील पोरांना पाढ्यांसारखे येत असे.

त्या कोष्टकाच्या आधारे एका सदऱ्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. मध्यम पोताच्या खादीच्या एका चौरस वारास साधारण चार गुंड्या सूत लागते. छत्तीस इंची पन्ह्याचे तीन वार कापड धरले तर सदऱ्यास बारा गुंड्या, म्हणजे जवळजवळ सहा मैल सूत. बरा हात चरख्यावर तासाला अर्धी गुंडी काढतो. तेव्हा विणकराचे श्रम, पिंजण आणि पेळू करण्याचा वेळ सोडून नुसत्या कताईचेच चोवीस तास त्या कापडात गुंतलेले असतात. आता गळ्याची गोलाई, काखेचा बाक आणि कॉलरीची तिरपी पट्टी काढण्यासाठी कात्रीने त्यातला दहावा हिस्सा जमिनीवर पाडला, तर जवळजवळ अडीच तासांची कताई केरात गेली. ज्याने स्वतः सूत काढले आहे त्याच्या हातून हे होत नाही.

म्हणूनच आश्रमीय पोशाखाचा साधेपणा, ज्याचे वर्णन करताना आपले लेखक वैराग्य आणि अपरिग्रह यांची आठवण काढल्यावाचून राहात नाहीत, तो निम्मा तरी काटकसरीच्या भूमितीचा परिणाम होता असे म्हणावेसे वाटते. आश्रमीय सदरा म्हणजे पाठ-पोटाचा एक सरळ पट्टा, बाह्यांचे दोन आयत, बाजूंच्या उभ्या कळ्या आणि हात वर उचलता यावा म्हणून काखेत बसविलेला एक चौकोनी तुकडा. गळ्यासाठी एक चीर आणि तिला आतून दुमड. या बेतात जे फाडायचे ते सरळ धाग्यावर, आणि उरते ते एखाद्या खिशापुरते. गांधी टोपी हाही याच कुळातला प्रकार: दोन पट्टे, दोन शिवणी, आणि घडी घातली की खिशात. अशा कपड्याला शिंप्याची विद्या लागत नाही. ज्याला धावदोरा आणि तुरपाई येते तो घरी बसून तो पुरा करू शकतो. मात्र एक गोष्ट गिरणीच्या कापडावर शिकलेल्याला नव्याने शिकावी लागे: कोरी खादी पहिल्या धुण्यातच आटते, तेव्हा ती रात्रभर भिजवून, वाळवून मगच बेतावी आणि शिवणीत माया सढळ ठेवावी, नाही तर हौसेने शिवलेला सदरा आठवड्यात धाकट्या भावाचा होतो.

इतके असूनही सुईला चरख्याची प्रतिष्ठा कधी मिळाली नाही. १९३७च्या ऑक्टोबरात वर्ध्यास शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने जी योजना मांडली तिच्यात साडेपाच तासांच्या शाळेपैकी तीन तास वीस मिनिटे मूलोद्योगाला दिलेली होती. परंतु मूलोद्योग म्हणजे कताई-विणकाम, सुतारी, शेती असे. शिवणकाम त्या पंक्तीत बसले नाही. याचे कारण शोधताना मला असे वाटते की, चरखा मोडून पडला होता म्हणून त्याच्या पुनरुद्धारासाठी संघ, ठराव आणि विद्यालये यांची जरूर भासली. घरातील सुई कधीच मोडली नव्हती, ती निमूटपणे चालूच होती, आणि जे चालू असते त्याचा उद्धार करावयास कोणी पुढे येत नाही.

गांधीजींचे लक्ष शिवणाकडे नव्हते असे मात्र नाही. यंत्रविरोधाविषयी १९२४ साली त्यांना प्रश्न विचारला गेला तेव्हा त्यांनी ज्या यंत्राचा अपवाद केला ते सिंगरचे शिवणयंत्रच होते. पत्नीला हाताने टाके घालताना होणारे कष्ट पाहून सिंगरला ते सुचले, ही कथा त्यांना प्रिय होती. १९३८ साली ‘हिंद स्वराज्य’च्या नव्या आवृत्तीस महादेवभाई देसाई यांनी वर्ध्याहून जी प्रस्तावना लिहिली तीत हा संवाद पुन्हा छापला गेला. स्वतः उत्तरदात्याने १९२१पासून शिवलेले वस्त्र अंगावर घालणे जवळजवळ सोडले होते, ही यातली गंमत.

मगनवाडीत पोशाखाचा स्वतंत्र विचार करणारे गृहस्थ निराळेच होते. लंडन-न्यूयॉर्कात शिकलेले आणि हिशेबतपासनीसाचा धंदा सोडून आलेले जो. कॉ. कुमारप्पा विलायती सूट टाकून खादीत आले, पण धोतर सावरण्याचा त्रास त्यांना मान्य होईना. तेव्हा धोतर आणि पायजमा यांच्या मधला धोतीजामा नावाचा एक प्रकार त्यांनी स्वतः कल्पून वापरात आणला. अर्थशास्त्र्याने आपल्या शरीराच्या सोयीनुसार वस्त्र बेतावे हे मला त्यांच्या कित्येक प्रबंधांइतकेच महत्त्वाचे वाटते. लोकांनी मात्र त्यांचे अर्थशास्त्रही उचलले नाही आणि धोतीजामाही उचलला नाही.

याच वर्षांत आश्रमाच्या कुंपणाबाहेर महायुद्धाने सुईला काम पुरविले. १९४३पासून कापडावर नियंत्रण आले, कंट्रोलच्या दुकानापुढे रांगा लागल्या, आणि विरलेले लुगडे मधोमध फाडून, त्याचे टिकाऊ काठ आत घेऊन दंड घालण्याची जुनी युक्ती खात्यापित्या घरांतूनही सर्रास सुरू झाली. धोतराची बंडी, बंडीचे झबले, झबल्याची चिंधी गोधडीत, असा कापडाचा संन्यासाश्रमापर्यंतचा प्रवास प्रत्येक माजघरात चालू असे. खादीचे काम पाहणाऱ्या चरखासंघानेही १९४५ साली खादी घेणाऱ्याने किमतीचा काही अंश सुताने भरावा असा नियम केला. जो कातील त्यानेच नेसावे, हा त्यामागचा आग्रह. ज्या घरी असे कमावलेले कापड येई तेथे कात्री लावण्यापूर्वी कापड जमिनीवर पसरून घरातील वडील माणसांचा सल्ला घेतला जाई, तो उगाच नव्हे.

स्वातंत्र्यानंतर हा सारा हिशेब हळूहळू पालटला. तमिळ मुलखातील एकांबरनाथ यांनी बनविलेला अंबर चरखा पन्नाशीच्या दशकात सरकारी पाठबळाने सर्वत्र गेला आणि एकाच वेळी अनेक चात्यांवर सूत निघू लागले. १९५७ साली खादी-ग्रामोद्योग कमिशन अस्तित्वात आले, आणि भांडारांतून ठाणांच्या शेजारी शिवून तयार असलेले कपडे टांगले गेले. गोपुरीस ग्रामसेवा मंडळाचे काम चालू राहिले आणि मगन संग्रहालयाने अलीकडे सेंद्रिय कापूस व वनस्पतिजन्य रंग यांची खादी पुढे आणली. परंतु तार मोजून कात्री धरणारा गिऱ्हाईक आता क्वचितच उरला. सुतातून तासांचा हिशेब सुटल्यावर बाक, गोलाई आणि तिरपी पट्टी यांना पुन्हा मुभा मिळाली, काखेतला तो चौकोनी तुकडा प्रथम गेला, मग खादीच्या सदऱ्याला ताठ कॉलर आली, आणि तो घरी शिवणे बहुतेक बायांनी सोडून दिले.