मार्साश्लॉकची बस
व्हॅलेटाच्या बसस्थानकावर लेक म्हणाली, “आई, मार्साश्लॉकची बस लागलीय, जायचं का?” बेत नव्हता, पण चढलो. माल्टातलं हे मच्छीमार बंदर. रंगीत होड्या, प्रत्येकीच्या नाळेवर रंगवलेले दोन डोळे!

१५६५ च्या मे महिन्यात तुर्की आरमाराने याच उपसागरात नांगर टाकला. सप्टेंबरात हात हलवत परतलं. डिसेंबर १९८९ मध्ये बुश-गोर्बाचेव्ह इथेच भेटले. बैठका युद्धनौकांवर ठरल्या होत्या, पण वादळ असं, की धक्क्याला बांधलेल्या ‘मॅक्सिम गॉर्की’ या प्रवासी जहाजावरच बोलणी झाली.

मी मात्र ‘माल्टा परिषद – शीतयुद्धाची अखेर’ एवढंच फळ्यावर लिहून पुढे जात असे. एकाने विचारलं होतं, “बाई, माल्टा कुठंय?”

“परीक्षेला नाही ते,” म्हटलं होतं मी.

त्या होड्यांसमोर तो मुलगा फार आठवला.