एक चक्कर मारून या

परवा गाडीचा इंजिनाचा पिवळा दिवा लागला. गॅरेजवाल्याने सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर बदलला, यंत्र लावून दिवा घालवला आणि म्हणाला, "काका, आता एक मोठी चक्कर मारून या."

म्हटलं, दिवा तर गेला की! तो हसला. "तो मी पुसला. बिघाड गेला की नाही, ते गाडी चालल्यावर कळणार."

चक्कर मारताना फोक्सवॅगनचं प्रकरण आठवलं. २०१३ साली वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या डॅन कार्डर यांच्या चमूने तीन डिझेल गाड्यांच्या डिकीत धूर मोजायची उपकरणं ठेवली आणि त्या कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर फिरवल्या. पसाट तर पार सिअ‍ॅटलपर्यंत नेली. प्रयोगशाळेत शहाण्यासारखी वागणारी जेटा रस्त्यावर मर्यादेच्या १५ ते ३५ पट नायट्रोजन ऑक्साइड सोडत होती!

मे २०१४ मध्ये अहवाल आला. कंपनीने डिसेंबरात सुमारे पाच लाख गाड्या परत बोलावल्या. सॉफ्टवेअर सुधारलं, दोष गेला, असं सांगितलं. इथे गोष्ट संपली असती. पण कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने नुसत्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. मे २०१५ पासून त्यांनी दुरुस्त गाडी पुन्हा तपासली, प्रयोगशाळेत आणि रस्त्यावरही. धूर थोडा कमी झाला होता, पण हवा तितका नाही. का, हे कंपनीला सांगता येईना. अखेर ३ सप्टेंबर २०१५ ला कबुली मिळाली. स्टिअरिंग, वेग वगैरेंवरून आपली परीक्षा चालली आहे हे गाडी ओळखायची आणि तेवढ्यापुरतं धूर आवरायची. जगभरात अशा १ कोटी १० लाख गाड्या होत्या.

म्हणजे बघा, चोरी पकडली गेली ती दुरुस्ती तपासताना.

त्याच वर्षी पुण्याच्या एआरएआयनेही या कंपनीच्या गाड्या रस्त्यावर तपासल्या. डिसेंबरात भारतातल्या सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलवायचं जाहीर झालं. आपली पीयूसी मात्र उभ्या गाडीचीच होते, आणि तीत नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत.

असो. माझा दिवा काही परत लागला नाही. गॅरेजवाल्याला फोन केला, तर म्हणाला, "अजून दोन दिवस चालवा, मग सांगा."