डिजिटचा चेहरा

मी कवी माणूस. नावाची ताकद मी मानतो. डायन फॉसी या अमेरिकी संशोधिकेने १९६७ साली रवांडातल्या विरुंगा पर्वतात आपले केंद्र थाटले. तिथल्या एका गोरिलाचे बोट दुखावलेले होते, म्हणून तिने त्याला नाव दिले डिजिट, म्हणजे बोट. रवांडाच्या पर्यटन भित्तिपत्रकावर त्याचे छायाचित्र झळकले.

३१ डिसेंबर १९७७ रोजी कळपाला वाचवताना शिकाऱ्यांनी त्याला भाल्यांनी मारले. मुंडके आणि हात कापून नेले. चेहरा ओळखीचा, म्हणून जग हळहळले. फॉसीने १९७८ मध्ये त्याच्याच नावाने निधी उभारला. त्यातून शिकारविरोधी गस्तीला बळ मिळाले. १९८५ मध्ये तिचाही खून झाला. डिजिटशेजारीच तिला मातीत ठेवले. १९८०च्या दशकाच्या आरंभी विरुंगात जेमतेम अडीचशे गोरिला उरले होते. २०१५-१६ च्या गणनेत ते ६०४ भरले.

आपणही प्राणिसंग्रहालयात हौसेने फोटो काढतो. आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाचे सिंहपुच्छ माकडही संकटात आहे. त्याचा एखादा चांगला फोटो शुभेच्छापत्रावर छापून विकावा, आलेले पैसे त्याच्या जंगलासाठी द्यावेत. मात्र खाली त्याचे नाव लिहायला विसरू नये.