डोंगराच्या पायथ्याचे खड्डे

लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, सॅन गॅब्रिएल डोंगरांच्या कुशीत माँट्रोझ नावाची वस्ती आहे. १९३४ साल उजाडलं त्या मध्यरात्री तिथल्या माजी सैनिकांच्या सभागृहात बरेच लोक आसऱ्याला आले होते. पावसाची झड दोन दिवस थांबली नव्हती आणि इमारत भक्कम होती. मग डोंगरातून चिखल, ओंडके आणि प्रचंड धोंडे यांचा लोंढा उतरला आणि सभागृहाच्या भिंती फोडून गेला. तिथे बारा जण दगावले. साऱ्या खोऱ्यात मिळून मृतांचा आकडा निदान चाळीस, आणि सुमारे चारशे घरं उद्ध्वस्त.

पाऊस मोठा होता, पण सगळ्या घळींनी सारखाच घात केला नाही. नोव्हेंबरात वणवा लागून ज्यांचे उतार बोडके झाले होते, त्यांनीच गावात दगड ओतले.

या डोंगरांवर चॅपरल नावाची तेलकट पानांची झुडपं असतात. ती पेटली की त्यांतली मेणचट द्रव्यं वाफ होऊन मातीत शिरतात आणि जरा खाली, थंड जागी थिजतात. वर राख आणि भुसभुशीत माती, खाली मेणकापड अंथरल्यासारखा थर. पाणी मुरत नाही, वरची माती घेऊन निसटतं. त्यातच आधार जळाल्यामुळे सुटलेली खडी पावसाआधीच घळीत साठून बसलेली असते. लिओनार्ड डीबानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात या थराचा नीट अभ्यास केला. लोंढा येतो हे मात्र पायथ्याच्या लोकांना त्याच्या कितीतरी आधी कळलं होतं.

१९३४च्या त्या रात्री हेन्स घळीखालची वस्ती मात्र बचावली, आणि तीही कुणाच्या दूरदृष्टीमुळे नव्हे. घळीच्या तोंडाशी खडी काढून झालेला एक मोठा खड्डा होता, त्यात लोंढा जिरला. अभियंत्यांनी यातून जे शिकायचं ते शिकून घेतलं. १९१४च्या पुरानंतर, १९१५ साली स्थापन झालेल्या लॉस एंजेलिस काउंटीच्या पूरनियंत्रण यंत्रणेने घळीघळीच्या तोंडाशी मुद्दाम असे खड्डे खणायला घेतले. आज त्यांची संख्या दीडशेच्या वर आहे. पुढे बांध, मध्ये भोकं असलेला उभा मनोरा. पाणी भोकांतून निघून जातं, राडारोडा मागे राहतो. मोठं चातुर्य नाही त्यात, पण काम चालतं.

अडचण वेगळीच. खड्डा भरला की तो खड्डा उरत नाही. वणवा लागल्यावर पहिल्या पावसाच्या आत तो उपसायचा, आणि निघालेला गाळ ट्रकांनी नेऊन टाकायचा. त्यासाठी जागा लागते, आणि शेजारी टाकू द्यायला कुणी राजी नसतं. २००९च्या ‘स्टेशन’ वणव्याने १ लाख ६० हजार एकर जंगल जाळलं. त्यानंतर ६ फेब्रुवारी २०१० रोजी ला कॅन्याडा इथल्या मलाली खड्ड्याच्या तोंडाशी एक धोंडा अडकला, राडारोडा बांधावरून उसळला आणि चाळीसहून अधिक घरांचं नुकसान झालं.

पण खड्डा तोकडा पडला म्हणजे काय होतं, हे सांता बार्बरा काउंटीतल्या माँटेसिटोने पाहिलं. डिसेंबर २०१७ मध्ये ‘थॉमस’ वणवा पेटला आणि ९ जानेवारी २०१८च्या पहाटे पाच मिनिटांत सुमारे अर्धा इंच पाऊस झाला. एकूण पाऊस किती, यापेक्षा तो किती मिनिटांत पडतो हे जळक्या उतारावर महत्त्वाचं ठरतं. तिथेही घळींच्या तोंडाशी खड्डे होते, पण लहान. तेवीस माणसं गेली. घरं सोडण्याच्या सक्तीच्या सूचना आधीच दिल्या होत्या, पण त्या ज्या भागांसाठी होत्या, त्याबाहेरही लोंढा पोहोचला.

जानेवारी २०२५ मध्ये सॅन गॅब्रिएलच्याच पायथ्याशी, अल्टाडीनावरचा ‘ईटन’ वणवा विझत आला, तेव्हा पावसाची वाट न पाहता उपसणारी यंत्रं खड्ड्यांत उतरली.