उपखंडाच्या ओळखीचा प्रश्न : बीटीआरएफएस फाइलव्यवस्थेच्या इतिहासातील एक प्रकरण

दोन नावे एकाच फाइलची आहेत की दोन निराळ्या फाइलींची, याचा निर्णय करण्यासाठी युनिक्सने एक साधा नियम घालून दिला. १९७९ च्या सातव्या आवृत्तीतील ‘स्टॅट’ ही विचारणा प्रत्येक फाइलविषयी उपकरणाचा क्रमांक आणि इनोडचा क्रमांक असे दोन अंक परत करते. हे दोन्ही जुळले तर फाइल एकच. इनोडचा क्रमांक एका फाइलव्यवस्थेपुरताच अद्वितीय असल्यामुळे उपकरण-क्रमांक हा ओघानेच फाइलव्यवस्थेचाही परिचायक ठरला. पुढे लिनक्सने हा दंडक जसाच्या तसा उचलला, आणि तो मोडेल अशी शंका दीर्घकाळ कोणासही आली नाही.

२००७ साली ओरॅकल कंपनीतील ख्रिस मेसन यांनी बीटीआरएफएसची उभारणी आरंभली; २००९ मध्ये २.६.२९ या आवृत्तीबरोबर ती लिनक्सच्या गाभ्यात आली. तिच्यात एकाच साठ्यात अनेक उपखंड नांदू शकतात. भूमापनातील पोटहिश्शाची येथे आठवण होते. परंतु पोटहिश्शाच्या क्रमांकात मूळ सर्व्हे नंबर टिकून असतो, तसे येथे घडले नाही. प्रत्येक उपखंडाचा फाइलवृक्ष स्वतंत्र असून त्यातील इनोडांची गणना नव्याने सुरू होते. प्रत्येक उपखंडाच्या मूळ निर्देशिकेचा इनोड २५६ हाच असतो. एखाद्या उपखंडाची क्षणप्रत घेतली तर तिच्यातील साऱ्या फाइलींना मूळचेच क्रमांक मिळतात. अर्थात जुना दंडक पाळावयाचा तर उपकरण-क्रमांक बदलणे भाग होते. म्हणून बीटीआरएफएसने प्रत्येक उपखंडास निराळा, निनावी उपकरण-क्रमांक दिला. त्यामागे कोणतेही खरे उपकरण नसते, आणि फाइलव्यवस्था पुन्हा जोडल्यावर तो क्रमांक तोच राहील याचीही शाश्वती नसते.

फाइलींची ओळख अशा रीतीने राखली गेली. फाइलव्यवस्थेची मात्र हरवली. ‘स्टॅट’ने दिलेला क्रमांक ‘माउंटइन्फो’ या जोडणी-यादीत शोधू जाता सापडत नाही, कारण तेथे निराळाच क्रमांक नोंदलेला असतो. एकाच फाइलव्यवस्थेत राहण्याचा आदेश दिलेली ‘फाइंड’ आज्ञा उपखंडाच्या सीमेवर थबकते. त्याच पद्धतीने चालणारी बॅकअपची व्यवस्था आतील उपखंड निमूटपणे वगळते, आणि ही उणीव बहुधा प्रत परत आणण्याची वेळ येते तेव्हाच उघडकीस येते. ‘स्टॅटएफएस’ या विचारणेतून मिळणारा फाइलव्यवस्था-क्रमांकही येथे कामाचा नाही, कारण त्यात उपखंडाचा क्रमांक मिसळलेला असतो. दोन भावंडे उपखंड तेथेही परकेच दिसतात.

खात्रीचा पुरावा एकच : साठ्याच्या प्रमुख नोंदीत कोरलेला १२८ बिटांचा यूयूआयडी. बीटीआरएफएसच्या खास आयऑक्टल विचारणेने तो कोणत्याही उपखंडातून मिळविता येतो. दोन उपखंडांसाठी तो एकच आला तर दोघांची फाइलव्यवस्था एकच समजावी. मात्र जी विचारणा केवळ बीटीआरएफएसला समजते ती सर्वसाधारण प्रोग्रामच्या लेखकाने आधीच जाणून घ्यावी, ही अपेक्षा आम्हास रास्त वाटत नाही.

या वैगुण्याचा सर्वात मोठा ताप एनएफएसद्वारे जाळ्यावरून फाइली पुरविणाऱ्यांना झाला. दूरच्या यंत्रास सारे उपखंड एकाच फाइलव्यवस्थेत दिसत आणि २५६ हा इनोड पुनःपुन्हा आढळल्याने ‘फाइंड’ला निर्देशिकांचे चक्र असल्याचा भास होई. २०२१ साली नील ब्राउन यांनी यावर अनेक दुरुस्त्या सुचविल्या. प्रत्येक उपखंड ही स्वतंत्र जोडणी मानावी, तर हजारो क्षणप्रतींनी जोडण्यांची यादी फुगेल. उपखंडाचा क्रमांक इनोडात मिसळावा, तर ६४ बिटांत दोन फाइलींची टक्कर संभवते. दीर्घ चर्चा झाली, एकमत झाले नाही.

२०२४ मध्ये ६.१० या आवृत्तीत ‘स्टॅटएक्स’ विचारणेस उपखंड-क्रमांकाचा स्वतंत्र रकाना मिळाला. तो क्रमांक एका फाइलव्यवस्थेपुरताच अर्थपूर्ण असल्याने त्याच्या जोडीला यूयूआयडी लागतोच. आणि जुने प्रोग्राम अद्याप उपकरण-क्रमांकच वाचीत असल्यामुळे बीटीआरएफएसला निनावी क्रमांक देण्याची रीत सोडता आलेली नाही.