शर्यतीच्या डिंगी वर्गांची वेगतुलना

डिंगी म्हणजे एक किंवा दोन खलाशांनी चालवायची, लहान व हलकी शिडाची नौका. शर्यतीच्या डिंगींचे ठरावीक मापांचे अनेक वर्ग आहेत. एकाच वर्गातील नौकांच्या शर्यतीत खलाशांचे कौशल्य कसोटीला लागते. भिन्न वर्गांच्या नौका एकत्र धावतात, तेव्हा मात्र नौकांच्या वेगांची तुलना अपरिहार्य ठरते.

वेगाची कारणे

पाणी कापत जाणाऱ्या नौकेचा वेग तिच्या पाण्यातील लांबीमुळे मर्यादित होतो. चार मीटर लांबीच्या नौकेसाठी ही मर्यादा सुमारे ४.९ नॉट, म्हणजे ताशी ९ किलोमीटर असते. पुरेसा वारा असल्यास हलकी, सपाट तळाची नौका पाण्यावर उचलली जाऊन ही मर्यादा ओलांडते. या अवस्थेस प्लेनिंग म्हणतात. त्यामुळे वजनाच्या तुलनेत शिडाचे क्षेत्रफळ किती आणि नौका कलू नये म्हणून खलाशी बाहेर किती झुकू शकतात, यांवर वेग अवलंबून असतो.

प्रमुख वर्ग

जॅक होल्ट यांच्या एंटरप्राइज (१९५६) या नौकेस ट्रॅपीझ नाही व स्पिनेकर हे फुगीर शीडही नाही. पीटर मिल्न यांची फायरबॉल (१९६२) आणि आंद्रे कोर्नू यांची ४७० (१९६३) यांत ही दोन्ही साधने असून एक खलाशी ट्रॅपीझच्या तारेला लोंबकळतो. ज्युलियन बेथवेट यांच्या फॉर्टीनाइनरमध्ये दोन्ही खलाशी तारेवर असतात. ४७० ही १९७६ पासून, तर फॉर्टीनाइनर २००० पासून ऑलिंपिकमध्ये आहे.

वर्गांक पद्धत

ब्रिटनमध्ये रूढ असलेल्या पोर्ट्समथ पद्धतीत प्रत्येक वर्गास एक अंक दिला जातो. प्रत्यक्ष वेळेस १००० ने गुणून वर्गांकाने भागल्यास सुधारित वेळ मिळते. जितका अंक लहान, तितकी नौका वेगवान. एंटरप्राइजचा अंक सुमारे ११२०, ४७० चा सुमारे ९७०, फायरबॉलचा सुमारे ९५५, तर फॉर्टीनाइनरचा सुमारे ७०० आहे. एंटरप्राइजने एका तासात पूर्ण केलेल्या शर्यतीत बरोबरी साधण्यासाठी फायरबॉलला सुमारे ५१ मिनिटे, तर फॉर्टीनाइनरला सुमारे साडेसदतीस मिनिटे घ्यावी लागतील.

मर्यादा

हे अंक शर्यतींच्या निकालांवरून काढलेली सरासरी दर्शवतात. ते कमाल वेग सांगत नाहीत. मंद वाऱ्यात प्लेनिंग होत नसल्याने वर्गांमधील अंतर घटते, तर जोरदार वाऱ्यात ते वाढते. मात्र अशा वाऱ्यात फॉर्टीनाइनर उलटल्यास मिळवलेली आघाडी क्षणात जाते. टेकड्यांनी वेढलेल्या जलाशयात वारा सतत दिशा बदलतो. तेथे खुल्या समुद्रावरील निकालांचे अंक जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

भारतीय संदर्भ

१९८२ च्या आशियाई स्पर्धांतील शिडाच्या नौकांच्या शर्यती मुंबईत झाल्या. फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल वर्गात सुवर्णपदक जिंकले. त्यानंतर तारापोर यांनी १९८४, १९८८ व १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये ४७० वर्गात भारताचे प्रतिनिधित्व केले. वर्गांकानुसार फायरबॉल ४७० पेक्षा किंचित वेगवान असली, तरी ऑलिंपिकमध्ये तिला स्थान नव्हते. वर्गाची निवड केवळ वेगावर ठरत नाही, हे यावरून दिसते. २०१८ च्या आशियाई स्पर्धांत वरुण ठक्कर व के. सी. गणपती यांनी फॉर्टीनाइनर वर्गात कांस्यपदक मिळवले आणि टोकियो ऑलिंपिकमध्येही ते याच वर्गात उतरले.