उजेडाची रेघ

गोल्फ हा खेळ आपल्यापैकी बहुतेकांनी टीव्हीवर, तोही चॅनल बदलता बदलता पाहिलेला असतो. हिरवंगार मैदान, खाली मान घालून बराच वेळ उभा असलेला एक माणूस, मग एक झोका, आणि चेंडू कुठे गेला ते आपल्याला कळतच नाही. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या आमच्या पट्ट्यात हा खेळ साहेबांचा मानला जातो. कंपन्यांतले वरचे अधिकारी, त्यांचे परदेशी पाहुणे, रविवारची सकाळ, एवढाच त्याचा आमच्याशी संबंध. तरीही आज मी गोल्फबद्दल बोलणार आहे. खरं तर गोल्फ शिकायच्या साधनांबद्दल.

ही साधनं दिसायला अगदी साधी असतात. सरावाची एक चटई असते. तिच्यावर पावलं कुठे ठेवायची, चेंडू कुठे ठेवायचा, याच्या रेघा आखलेल्या असतात. दोन बारीक काठ्या जमिनीवर आडव्या ठेवतात. एक चेंडू जिकडे मारायचा त्या दिशेनं, दुसरी पायांच्या बोटांपुढे, पहिलीला समांतर. पवित्रा वाकडा असेल तर लगेच दिसतो. शिवाय समोर आरसा, आणि आता तिकाटण्यावर लावलेला मोबाइल.

आता चाकणच्या एखाद्या नव्या कारखान्यात चला. यंत्रापुढे फरशीवर पिवळ्या रंगात दोन पावलं रंगवलेली दिसतील. कामगारानं तिथेच उभं राहायचं. भिंतीवरच्या फळीवर पाना, हातोडी, पक्कड यांच्या आकृत्या रंगवलेल्या असतात, म्हणजे हत्यार जागेवर नसलं की त्याची सावली बोंब मारते. मशिदीत सतरंजीवर आखलेल्या रेघाही हेच काम करतात. टाचा रेघेवर आल्या की नमाजाची सफ आपोआप सरळ होते. माणसाच्या शरीराला तोंडी सांगून जे कळत नाही, ते डोळ्यांना दाखवलं की कळतं.

गोल्फच्या चटईवरची पावलं आणि कारखान्याच्या फरशीवरची पावलं ही मात्र नुसती दिसायला सारखी नाहीत. ती एकाच घराण्यातली आहेत, आणि त्या घराण्याचा इतिहास मोठा मजेशीर आहे.

गोल्फपटूची अडचण अशी, की त्याचा सगळा खेळ त्याच्या नजरेच्या मागे घडतो. काठी खांद्यावरून मागे जाते तेव्हा त्याचे डोळे चेंडूवर असतात. वर नेलेली काठी साधारण पाव सेकंदात खाली येते. चेंडू आणि काठीची गाठ पडते ती सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरती. एवढ्या वेळात काय चुकलं हे त्याला कळणार कसं? सांगणाराही काय सांगणार? म्हणून छायाचित्रण पुरेसं वेगवान झाल्याबरोबर गोल्फवाल्यांनी ते उचललं. जॉर्ज बेल्डम नावाच्या, स्वतः कौंटी क्रिकेट खेळलेल्या इंग्रजानं १९०४ मध्ये हॅरी व्हार्डनसारख्या नामवंतांच्या फटक्यांची छायाचित्रं घेऊन जाडजूड पुस्तक काढलं. क्रिकेटप्रेमींनी बेल्डमचं काम नकळत पाहिलेलं असतं. पुढे सरसावून फटका मारायला निघालेल्या व्हिक्टर ट्रंपरचं ते प्रसिद्ध छायाचित्र याच बेल्डमनं टिपलेलं.

इथे आपल्या गोष्टीत एक अमेरिकन इंजिनिअर येतो. फ्रेडरिक विन्स्लो टेलर. व्यवस्थापन शिकणाऱ्या प्रत्येकानं हे नाव घोकलेलं असतं. हातात स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या प्रत्येक हालचालीचा वेळ मोजणारा, आणि त्यावरून दिवसाचं काम ठरवणारा हा माणूस. हा गोल्फचा वेडा होता, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये गोल्फ होतं, आणि त्यात टेलर चौथा आला होता. गोल्फच्या काठ्या तो स्वतः तयार करी. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा, दोन्ही हातांनी धरायचा एक पटर त्यानं बनवला होता. खेळाच्या नियमांनी पुढे तो बाद ठरवला.

१९११ साली आलेल्या आपल्या गाजलेल्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच टेलर एक तक्रार करतो. इंग्रज कामगार क्रिकेट खेळताना आणि अमेरिकन कामगार बेसबॉल खेळताना जीव तोडून खेळतो, आणि दुसऱ्या दिवशी कामावर आला की मुद्दाम हात आखडता घेतो. तक्रार खरी असेलही. पण खेळाडूला आपली धाव स्वतःसाठी काढायची असते, एवढी साधी गोष्ट या हुशार माणसाला अडली नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं. टेलरनं पुस्तकाच्या आकाराची एक पोकळ वही केली होती. तिच्यात स्टॉपवॉच लपवता येई, म्हणजे कामगाराला आपली वेळ मोजली जातेय हे कळू नये. हेरगिरी आपल्याला पसंत नाही, असं तो लिहितो, आणि काही ठिकाणी सांगितलं तर भांडण होतं म्हणून वही बरी, असंही लिहितो. १९११ च्या ऑगस्टमध्ये वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्र कारखान्यातल्या मोल्डरांनी या स्टॉपवॉचवरूनच काम बंद केलं. प्रकरण अमेरिकी संसदेपर्यंत गेलं, आणि पुढे काही वर्षांत सरकारी शस्त्र कारखान्यांतून स्टॉपवॉच हद्दपार झालं.

याच काळात दुसरा एक माणूस वेगळ्या वाटेनं चालला होता. फ्रँक गिल्ब्रेथ. जन्म १८६८ चा. कॉलेजात न जाता सतराव्या वर्षी तो गवंड्याच्या हाताखाली कामाला लागला. तिथे त्यानं पाहिलं, की एकच गवंडी शिकवताना एका पद्धतीनं वीट लावतो, घाई असली की दुसऱ्या, आणि सावकाश काम करताना तिसऱ्या. शिवाय प्रत्येक विटेसाठी गवंडी कमरेत वाकतो. गिल्ब्रेथनं परांचीवर विटा आणि मसाला कमरेच्या उंचीवर आणणारी घोडी केली. एका विटेमागच्या १८ हालचालींच्या ५ झाल्या. तासाला १२० विटा लावणारा गवंडी ३५० लावू लागला, असा आकडा खुद्द टेलरनंच दिला आहे.

गिल्ब्रेथ आणि त्याची मानसशास्त्र शिकलेली पत्नी लिलियन यांनी मग एक युक्ती काढली. ती मला कवी म्हणून फार आवडते. काम करणाऱ्याच्या बोटाला विजेचा छोटा दिवा बांधायचा, खोली अंधारी करायची, आणि कॅमेऱ्याचं झाकण काम संपेपर्यंत उघडं ठेवायचं. काचेवर हात उमटत नाही. उमटते हाताच्या प्रवासाची उजेडाची रेघ. नंतर त्यांनी दिवा ठरावीक वेळानं उघडझाप करायला लावला. तेव्हा रेघेचे तुकडे झाले. हात झपाट्यानं गेला तिथे लांब तुकडा, रेंगाळला तिथे आखूड. गझलेची लगावली मांडताना आम्ही कागदावर लघू-गुरूच्या खुणा करतो, तशीच ही हाताची लगावली.

ही रेघ पाहून ते तार वाकवत आणि हालचालीचा हुबेहूब नमुना करत. कामगारानं तो हातात घ्यायचा, त्यावरून बोट फिरवायचं, आणि आपला हात कुठे अडतो ते स्वतः पाहायचं. अनेक वर्षांनी पुन्हा ड्रिल मशीनपुढे उभ्या राहिलेल्या, एके काळच्या पटाईत कारागिराच्या हाताचे असे नमुने त्यांनी केले. तो आता मॅनेजर झाला होता. पहिली तार अडखळत, गुंतत गेलेली, पुढची मोकळी होत गेलेली. मॅनेजरलाही अडखळताना दाखवणारं साधन, म्हणून मला त्याचं जास्त कौतुक. या जोडप्यानं शल्यचिकित्सक, टंकलेखक, रुमालाच्या घड्या घालणाऱ्या मुली, तलवारबाज, बेसबॉलपटू यांच्या हालचाली टिपल्या, आणि गोल्फपटूंच्याही. चांगला गोल्फपटू आणि चांगला गवंडी यांच्या रेघा सारख्याच डौलदार असतात, हे त्यांना दिसलं होतं. १९२० मध्ये त्यांनी टेलरच्या स्टॉपवॉचवर जाहीर टीका केली, पण त्यात धंद्यातली चढाओढही होतीच.

गोल्फनं पुढे ही कला फार वर नेली. १९३१ मध्ये बॉबी जोन्सनं हॉलिवूडसाठी गोल्फ शिकवणारे १२ छोटे चित्रपट केले. १९३८ च्या सुमारास हॅरल्ड एडगर्टन या प्राध्यापकानं सेकंदाला शंभर वेळा लखलखणाऱ्या दिव्यापुढे डेन्स्मोर शूट या खेळाडूला उभं केलं, आणि एकाच काचेवर काठीची पन्नासेक चित्रं मोरपिसाऱ्यासारखी उमटली. काठी संथ तिथे काड्या दाट, वेगात तिथे विरळ. गिल्ब्रेथचीच लगावली, नव्या दिव्यानं काढलेली.

सगळ्यांत स्वस्त साधन मात्र बेन होगनचं. १९४९ मध्ये त्याच्या मोटारीला बसची टक्कर झाली. पुन्हा चालेल की नाही अशी शंका होती, आणि पुढच्याच वर्षी तो अमेरिकन ओपन जिंकला. १९५७ च्या त्याच्या पुस्तकात शरीरशास्त्राची चित्रं काढणाऱ्या अँथनी रॅव्हिएली यांनी एक चित्र काढलं. चेंडूपासून खेळाडूच्या खांद्यांपर्यंत टेकवलेलं काचेचं मोठं तावदान, मधल्या भोकातून बाहेर आलेलं डोकं. काठी मागे नेताना हात या तावदानाच्या खालीच राहायला हवेत, वर आले तर काच फुटलीच. ही काच कुठे विकत मिळत नाही. मनात धरायची. गेली साठहून अधिक वर्षं जगभरातले लोक ती मनात धरून उभे राहतात.

आपल्याकडेही हा विचार नव्हता असं नाही. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे चित्रकार. सूर्यनमस्काराची एकेक अवस्था छायाचित्रांतून दाखवणारं पुस्तक त्यांनी काढलं, आणि संस्थानच्या शाळांत नमस्कार सुरू केले. त्यांचाही जन्म १८६८ चा, गिल्ब्रेथच्याच वर्षीचा. याच राजांनी जागा दिली म्हणून १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना किर्लोस्करवाडीला उभा राहिला, आणि त्याच घराण्याचं इंजिन पुढे १९४६ मध्ये खडकीत, म्हणजे आमच्या पट्ट्याच्या उंबऱ्यावर आलं. पुण्यातच अय्यंगार गुरुजींनी भिंतीवरचे दोर, पट्टे आणि लाकडी ठोकळे वापरून आसनातला वाकडेपणा ज्याचा त्याला दाखवून दिला. १९६६ च्या त्यांच्या पुस्तकात त्यांची सहाशेच्या आसपास छायाचित्रं आहेत.

आणि काही जणांना यातलं काहीच मिळालं नाही. दिल्लीच्या गोल्फ क्लबात लोकांच्या पिशव्या उचलणारा अली शेर १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक ठरला. कोलकात्याचा एस. एस. पी. चौरसिया हा मैदानाची निगा राखणाऱ्याचा मुलगा. त्यानं हीच स्पर्धा २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ जिंकली. त्यांचा आरसा म्हणजे दुसऱ्यांचे फटके.

आमच्या पट्ट्यात कारखाने आले ते १९५४ च्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून. १९६२ मध्ये एमआयडीसी आली, आणि पिंपरी, भोसरी, आकुर्डी भराभर भरत गेली. टेल्कोनं १९६६ मध्ये आधी प्रशिक्षण सुरू केलं, इथली पहिली गाडी बाहेर पडली ती १९७७ मध्ये. आधी हात घडवायचे, मग गाडी, हा धीर आता कुणाला परवडत नाही. त्या आधीच, १९५२ ते १९५४ या काळात, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं पथक आपल्या देशात कामाचं मोजमाप शिकवून गेलं होतं, आणि १९५८ मध्ये राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापन झाली. त्यातून आमच्याकडे आला तो टाइम स्टडीवाला. पाठीशी उभा, हातात पाटी, पाटीला घड्याळ. जुन्या कामगारांना विचारा, तो दिसला की लेथवरचा हात कसा जड व्हायचा. आज चांगला हात दाखवला की उद्या तोच दर कायमचा बसणार, हे त्यांना न शिकवता ठाऊक होतं. वॉटरटाउनच्या मोल्डरांनाही तेच ठाऊक होतं. गिल्ब्रेथची तार मात्र त्यांच्यापर्यंत कुणी आणली नाही.

आता चाकणमध्ये नव्या पोराला आधी डोजोत नेतात. हा कुस्तीच्या तालमीसारखा जपानी शब्द. तिथे बोल्ट पिळण्याचा, वायरिंग जोडण्याचा सराव होतो. बरोबर झालं की हिरवा दिवा, चुकलं की लाल. शेजारी पडद्यावर निष्णात कामगाराच्या हाताचा व्हिडिओ. चांगली सोय आहे, आणि पाठ-कंबर वाचवणारीही आहे. शरीराच्या सांध्यांवर ठिपके टाकून माणसाचा सांगाडा रेघांनी काढणारी संगणकाची प्रणालीही आता आली आहे. गोल्फपटूच्या मोबाइलवर ती त्याचा खांदा किती वळला ते सांगते. कारखान्यासाठी घेतली, तर कामगार दिवसात किती वेळा वाकला ते मोजते. साधन एकच. गोल्फपटू आपला व्हिडिओ स्वतः काढतो, हवा तितक्यांदा पाहतो, नको तर पुसून टाकतो. सहा-सात महिन्यांच्या कंत्राटावर आलेल्या, मराठवाड्यातून किंवा बिहारमधून चाकणला खोली घेऊन राहणाऱ्या पोराची रेघ कुणाकडे राहते, ती त्याला पाहायला मिळते का, आणि तिच्यावरून उद्याचा दर ठरणार असेल तर त्याला आधी सांगतात का, हे कामाच्या करारात लिहून घेता येण्यासारखं आहे. संघटनांनी बोनसच्या कलमांबरोबर हेही कलम मागावं.

एडगर्टनच्या त्या पिसाऱ्याखाली डेन्स्मोर शूटचं नाव आजही छापतात. गिल्ब्रेथ पती-पत्नींच्या चित्रांखाली बहुधा कामाचंच नाव असतं: ड्रिल मशीन, रुमालाची घडी.